बाबांच्या मापाची सीट

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी डहाणूजवळ आगरला एका मासळीच्या टेम्पोखाली आडवी होते. समुद्राकाठच्या गाड्या आधी खालून गंजून जातात, म्हणून मीही आधी खालीच जाते. फोन कानाला लावून तशीच पडून राहिले.

"मॅडम, उद्या एका वाडीत जायचंय. मोठी गाडी आहे, अमेरिकन टाइप, लांबच्या लांब. मालक वारले, मुलगा ठाण्याला असतो, त्याला शेड रिकामी करायचीय. पण गाडी पाण्यात गेलेली आहे, असं घरचे स्वतःच सांगतात. तसं असेल तर मी भंगारात घेणार. नसेल तर माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, त्याला लग्नात भाड्यानं द्यायला असलीच गाडी पाहिजे. तुम्ही बघा आणि लिहून द्या."

"कुठली वाडी?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी टेम्पोखालून बाहेर आले आणि हात पुसत बसले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी पुसतच राहिले.

ती गाडी नऊ वर्षं माझ्या बाबांनी चालवली होती.

आमचं घर तलासरीजवळच्या एका पाड्यात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, मग एका गॅरेजमध्ये उमेदवारी केली आणि आता जुन्या गाड्या तपासून त्यांचा कागद लिहिते. माझ्या सहीवर गाडी घेतली जाते किंवा सोडली जाते. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या गाडीचा एक कागद मी फार वर्षांपूर्वी वाचला होता, आणि त्याबद्दल मी कुणाशीच बोलले नव्हते.

बाबा डहाणूला त्या चिकूच्या वाडीत आधी मजूर होते. ट्रॅक्टर शिकले, मग टेम्पो, आणि शेठनी ती लांब गाडी घेतली तेव्हा तिच्यावर गेले. क्लच नसलेली गाडी त्यांनी तोवर पाहिली नव्हती. "दोनच पेडल. डाव्या पायाला कामच नाय," ते घरी येऊन सांगायचे, "आपला नुसता पावणा बसल्यासारखा बसून असतो तो." गाडीत बसण्याआधी ते चपला काढायचे आणि सीटमागं ठेवायचे. नऊ वर्षं ती गाडी त्यांनी अनवाणी चालवली. शेठ हसायचे म्हणे, पण बाबांनी ते सोडलं नाही.

आम्ही त्या गाडीत कधी बसलो नाही. एकदा मात्र विवळवेढ्याला देवीच्या जत्रेत आई आणि मी चालत जात असताना ती रस्त्याकडेला उभी दिसली. शेठ मंडळी दर्शनाला गेली होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, दार उघडलं आणि मला म्हणाले, "बघ हां." त्यांनी सीटच्या बाजूचं एक बटण दाबलं. सीट त्यांच्यासकट हळूहळू मागं सरकली, मग पुढं आली. घुर्र असा बारीक आवाज. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आई म्हणाली, "पुरे, कुणी बघेल." बाबांनी सीट पुन्हा बरोबर आपल्या जागी आणली. एका बोटाचाही फरक राहू दिला नाही त्यांनी.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या गाडीचं झालं ते असं. भर पावसात शेठना तलासरीला कचेरीत काम होतं. बाबा त्यांना सोडून एकटेच डहाणूला परत निघाले, कारण दुपारी शेठच्या घरच्यांना कुठंतरी न्यायचं होतं. वाटेत एका मोरीवरून पाणी जात होतं. बाबा दोन तास अलीकडे थांबले, पाणी उतरल्यावर पुढं आले. उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते आवणीसाठी पाड्यावर आले. आमच्याकडे भाताची रोपं लावायची वेळ आली की कुठल्याही कामावरचा माणूस घरी येतोच, शेठलोकांनाही ते माहीत असतं. पाचव्या दिवशी परत गेले तर गाडी मेलेली होती. काचा बंद होईनात, सीट हलेना, आत ओल, गालिचा पाणी धरलेला.

गाडी दुरुस्तीच्या कारखान्यानं ती उघडली आणि कागदावर कारण लिहिलं. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "उद्यापासून वाडीत चिकू काढायला ये. गाडीवर नको." त्या कागदाची एक प्रत बाबांनी मागून घेतली आणि घडी करून खिशातून घरी आणली.

"यात माझं काय लिवलंय ते वाच," ते मला म्हणाले.

कागद इंग्रजीत होता. मी उंबऱ्यात बसून वाचला. गाडीच्या आत पाणी शिरल्यामुळे सीटखालच्या विजेच्या पेटीत बिघाड, असं होतं. मी अर्थ सांगितला.

"मी पाण्यात नाय घातली गाडी. पाणी उतरेस्तोवर थांबलो मी."

"पण पाणी शिरलंय असं लिहिलंय, बाबा."

"मी आलो तर आत ओल होती खरी. पण गाडीला पिकल्या चिकूचा वास येत होता."

"डहाणूत कशाला चिकूचा वास येत नाही?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ते सांगतात ना नाय घातली."

मग बाबा उठले. म्हणाले, "चल विवळवेढ्याला. देवीच्या पायरीवर हात ठेवतो. मग तरी?"

मी म्हणाले, "शपथेनं गाडी सुकत नाही, बाबा."

मला ते वाक्य तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं बोलावं असं. बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी होती तशीच घातली आणि पुन्हा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. वाडीत चिकू काढायला ते गेले नाहीत. फुग्यांच्या कारखान्यात लागले. पुन्हा कुठल्याही गाडीच्या स्टेअरिंगला त्यांनी हात लावला नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. आजारपणात मी त्यांना गाडी करून डहाणूला न्यायचे तेव्हा ते मागं बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. एकदा गाडीवाल्यानं साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी पुढच्या सीटवरून ते आरशात पाहिलं.

तर त्या वाडीत मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. व्यापाऱ्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी पाठवलं असतं, आणि ते मला नको होतं.

शेड चिकूच्या झाडांच्या मागं होती. शेठाणी काठी टेकत आल्या. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. मी कधी वाडीत गेले नव्हते, त्यामुळे त्या मला ओळखत नव्हत्या.

"तूच का तपासायला आलीस?"

"हो काकी."

"बाईमाणूस गाडीखाली शिरतं, हे बघायचं राहिलं होतं माझं."

"अजून शिरले नाही. बसा, दाखवते."

त्या हसल्या आणि खुर्ची आणवून बसल्या. मी गाडीवरची ताडपत्री ओढली.

ती तेवढीच लांब होती. लहानपणी मोठ्या वाटलेल्या गोष्टी नंतर लहान दिसतात म्हणतात, ही दिसली नाही. चाकं बसली होती, रंगावर बुरशीचे गोल डाग होते, पण अंग सरळ होतं. मी कामाला लागले. बॉनेटखालचे बोल्ट पाहिले, कुणी खोललेले नव्हते. रंगाची जाडी मोजली, ठोकलेला पत्रा कुठंच नव्हता. खाली शिरले तर खाऱ्या हवेनं खाल्लेलं होतं, पण अंदाजापेक्षा कमी. जो कुणी चालवत होता तो नियमानं खालून गोड्या पाण्यानं धूत असणार, असं मी वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर कळलं की तो कुणी म्हणजे कोण.

मग ड्रायव्हरचं दार उघडलं.

वापरलेल्या गाडीत माणूस उरतो. हे आमच्या कामातलं साधं सत्य आहे, त्यात गूढ काही नाही. घाईचा माणूस ब्रेकच्या रबरावर दिसतो, जाडा माणूस सीटच्या बाहेरच्या कडेवर, अंगठ्या घालणारा स्टेअरिंगवर. मी रोज अनोळखी लोक असे बघते आणि वहीत टिपते. इथं ब्रेकचं रबर मधोमध गुळगुळीत होतं, चपलेनं होतं तसं कडांना फाटलेलं नव्हतं. डावीकडे, जिथं पेडल नव्हतं, तिथं गालिच्यावर टाचेएवढा एक खळगा होता. रिकाम्या पायाचा.

मी बूट काढले. का काढले ते माहीत नाही. बूट सीटमागं ठेवले आणि आत बसले.

माझं उजवं पाऊल बरोबर ब्रेकवर आलं. डावी टाच खळग्यात बसली. हात स्टेअरिंगवर ठेवले, कोपरं कुठंच ताणली नाहीत. कुठल्याही गाडीत बसले की मला आधी सीट पुढंमागं करावी लागते. इथं काही करावं लागलं नाही. मी बटण दाबून बघितलं, सोबतची बॅटरी जोडून पुन्हा दाबलं. काही नाही. त्या पावसात ती पेटी मेली तेव्हापासून सीट हललीच नव्हती. कारखान्यानं गाडी चालू करून दिली होती, सीट नाही. बाबांनंतरचे सगळे त्यांच्या मापात बसून गेले होते.

"त्या सीटनं फार छळलं गो," शेठाणी खुर्चीवरून म्हणाल्या. "पुढचे ड्रायव्हर टिकेचनात. एक म्हणायचा पाय आखडतात, एक पाठीला उशी लावायचा. मग मुलानं नवीन गाडी घेतली, ही राहिली अशीच."

मी खाली उतरले. आता मुख्य प्रश्न राहिला होता, आणि तो कागदावरही सगळ्यात वर होता. पाण्यात गेल्याची चिन्हे: आहेत किंवा नाहीत.

खरं सांगते, मला काय निघायला हवं होतं ते मला ठरवता येईना. चिन्हं निघाली तर बाबा खोटं बोलले. नाही निघाली तर मी त्यांना खोटं ठरवलं. दोन्हीपैकी एक घेऊन मला घरी जायचं होतं.

पुढचे सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत ओढले. पुरात गेलेल्या गाडीचा पट्टा ओढला की आतल्या टोकाला गाळाची रेघ येते, कितीही धुतलं तरी. पट्टा कोरा होता. दिव्यांच्या आत पाण्याची पातळी उमटलेली नव्हती. गालिचा उचलला, खाली मातीचा कण नाही. पण सीटच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या होत्या, आणि गंज वरच्या बाजूला जास्त होता. मान वर केली तर छताच्या कापडावर पिवळट ओघळ. मागच्या सीटच्या वर सगळ्यात जास्त.

पाणी रस्त्यावरून येतं तेव्हा खालून वर चढतं. इथं ओल वरून खाली उतरली होती. बंद डब्यात वाफ धरावी आणि ती झाकणाला लागून ठिबकावी तशी. एवढं कळायला फिजिक्सचं दुसरं वर्षही पुरलं असतं.

मागची सीट उपटली. खाली काळा थर होता, कशाचा तरी चिकटा दगडासारखा वाळलेला. त्यात काहीतरी चमकलं. स्क्रू ड्रायव्हरनं सोडवून तळहातावर घेतलं. चपटी, काळी, गुळगुळीत बी. मग दुसरी. डिकीत, जादा चाकाच्या खड्ड्यात, आणखी पाच.

शेठाणी काठी टेकत जवळ आल्या. "काय सापडलं?"

मी हात पुढं केला.

"चिकूची बी," त्या म्हणाल्या. मग गाडीत डोकावल्या. "उतरलीसच कशाला? बस पुढं. मीही मागं बसून बघते एकदा, जायच्या आधी."

मी मागची सीट दाबून बसवली, त्यांना हात दिला, आणि पुढं जाऊन बसले. आरसाही हलवावा लागला नाही. त्यात त्यांचा चेहरा बरोबर मधोमध होता. बाबांना नऊ वर्षं दिसत असेल तसा.

"गाडीत चिकू कधी ठेवले होते का, काकी?"

"ठेवले होते ना. एका पावसाळ्यात पिकवायची खोली गळायला लागली. माल धुऊन तयार, ठेवायचा कुठं? ड्रायव्हर आवणीला गेला होता, गाडी उभीच. म्हटलं, काचा लावल्या की आत कशी ऊब असते. क्रेटच्या क्रेट लावले आत, डिकीतसुद्धा. चार दिवसांत असे पिकले म्हणतेस!" त्या हसल्या. "हे नको म्हणत होते. मी म्हटलं लोखंडाची गाडी, तिला चिकूनं काय होतंय?"

मी आरशातच बघत होते.

"आणि गाडी कधी बंद पडली?"

"ती त्याच..." त्या थांबल्या. काठीवरचा त्यांचा हात मला दिसत होता, तो एकदा उघडला आणि मिटला. "ती तर पाण्यात गेली होती. तलासरीच्या वाटेवर. तो ड्रायव्हर..."

"पाण्यात गेली नव्हती. धुतलेले ओले चिकू, बंद काचा, चार दिवस. वाफ धरली, ठिबकली, सीटखालची पेटी गेली. कारखान्यानं पाणी शिरलं एवढंच लिहिलं होतं. कुठून शिरलं ते लिहिलं नव्हतं. ते आपण लावलं."

आपण, असं मी म्हणाले. त्यांना वाटलं असेल की बोलण्याच्या ओघात म्हणाले.

बाहेर वाडीत कुणीतरी क्रेट आपटत होतं. मग आरशात त्यांचे डोळे वर आले आणि माझ्या डोळ्यांवर थांबले.

"तू त्याची मुलगी."

"हो."

"तो असाच बघायचा. वळायचा नाही, आरशातूनच." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आहे का तो?"

"नाही. चार वर्षं झाली."

"यांनाही तीन झाली," त्या म्हणाल्या. "दोघांनाही सांगता येत नाही गो आता." आणि मग, फार हळू, "तू आता काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"म्हणजे आमच्याच फायद्याचं झालं की."

"झालं तर झालं."

त्यांना उतरायला मी हात दिला. त्या निघून गेल्यावर पुन्हा सीटवर बसून कागद भरला. पाण्यात गेल्याची चिन्हे: नाहीत. कारण लिहायला दोन ओळी असतात, मी पाच लिहिल्या. शेवटी लिहिलं, चालकाच्या हातून कोणतीही चूक झाल्याची खूण गाडीत नाही. असा रकाना आमच्या कागदात नाही. व्यापाऱ्यांनी नंतर विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, गिऱ्हाइकाला कळू दे.

संध्याकाळी पाड्यावर आईला कागद वाचून दाखवला. मराठीतच लिहिला होता मी. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर खडा बाजूला टाकून म्हणाली, "हे तर त्यांनी तुला सांगितलं होतं. चिकूचा वास."

"हो."

"मी पण सांगितलं होतं."

"हो, आई."

"मग तुला आज कळलं, एवढंच." रागावून नाही म्हणाली. तांदूळ निवडतच म्हणाली. नंतर तिनं विचारलं, "गाडीत त्यांचं काही होतं का?"

मी तिला टाचेच्या खळग्याचं सांगितलं. तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

त्या बिया माझ्या टूलबॉक्समध्ये अजून आहेत. विवळवेढ्यावरून जाताना मी त्यातली एक हातात घेते. देवळाच्या पायरीवर अजून गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं, आणि कुणाची शपथ घ्यायची? ज्याला ऐकवायचं तो मागच्या सीटवरही नाही आता.

दोन आठवड्यांनी व्यापाऱ्यांकडे दुसऱ्या गाडीसाठी गेले. लांब गाडी तिथं उभी होती, धुतलेली, रंगावर पॉलिश मारलेली. मेकॅनिक पुढच्या दारातून वाकला होता. मला बघून त्यानं हाक मारली.

"मॅडम, तुमची पेटी बदलली. सगळं चालू झालं. या, बघा तरी."

मी दारापाशी गेले. सीटवर कुणी नव्हतं. म्हणायला हवं होतं की थांब, पण काय कारण सांगणार होते? त्यानं हात आत घालून बटण दाबलं.

घुर्र असा बारीक आवाज झाला. तोच. सीट हळूहळू मागं सरकली, आपलं काम संपल्यावर एखाद्यानं उठण्यासाठी मागं सरावं तशी, आणि पार शेवटाला जाऊन थांबली. गालिच्यावर टाचेचा खळगा तेवढा होता तिथंच राहिला.

"मस्त ना?" तो म्हणाला.

मी हो म्हणाले. त्यानं विचारलं, पुन्हा पुढं घेऊ का. मी म्हणाले, नको, राहू दे.